शाळेतलं बोरनहाण

हलवा मला येत नव्हता. माझ्या आईला येत होता. मी लहानपणी तिच्या परातीजवळ बसून तिची बोटं बघायची, एवढीच माझी हलव्याशी ओळख. पण थंडी पडली की ती गोष्ट मी मुलीला दरवर्षी सांगायची. सांगता सांगता तिच्या डोक्यात आजीचा हलवा कधी माझा झाला, ते मला कळलं नाही.

त्या वर्षी डिसेंबरात शाळेने सगळ्या आयांना बोलावलं होतं. आमची शाळा मराठी, हिंदी मुलखातल्या शहरात, मिलच्या चाळींच्या मधोमध. संक्रांतीनंतरच्या शनिवारी शिशुवर्गाचं बोरनहाण शाळेतच व्हायचं. मुलांना काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालायचे, ओळीने पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाच्या गंडेऱ्या आणि हलवा ओतायचा. मोठ्या वर्गातली पोरं लुटायला टपलेली असायची. ज्याच्या घरी करणारं कोणी नसेल त्याचंही त्यात होऊन जायचं. दागिने करून द्यायच्या त्या एक आजी होत्या. त्या नुकत्याच लेकाबरोबर पुण्याला गेल्या होत्या. मिलला कुलूप लागल्यापासून कोणी ना कोणी असं जातच होतं.

शिशुवर्गाच्या बाई म्हणाल्या, "वर्गात मुलं कमी झालीत, पण आहेत त्यांचं तर करूच. घरी हलवा करता येतो का कोणाला?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी जमिनीकडे बघत होते. शाळेत गेले की मी जमिनीकडेच बघायची. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या माझ्या चौथीतल्या मुलीचा आवाज आला, "माझ्या आईला येतो! काट्याचा!"

"अरे वा! मग झालंच की काम," बाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. पण शाळेतल्या बाईंसमोर बोलायचं म्हटलं की मला शब्दच जुळवता येत नाहीत. माझं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. "नाही हो" एवढं ओठांवर येईपर्यंत बाई पुढच्या विषयावर गेल्या होत्या. बाहेर आल्यावर मी मुलीचा दंड धरला. "अगं, मला कुठं येतो हलवा?"

"आजीचा बघितलाय ना तू? बस, मग!" ती म्हणाली आणि उड्या मारत पुढे गेली.

घरी हे सांगावं असं घर तेव्हा नव्हतं. माझे हे मिलच्या सायझिंग खात्यात होते. कापड विणायच्या आधी सुताला खळ द्यायची, ते खातं. तिथंच त्यांचे केस पिकायला लागले. दिवाळीच्या आधी मिल बंद झाली. पहिला महिना हे रोज गेटवर जाऊन उभे राहायचे. मग गेटवर जाणं सोडलं, आणि मग घराबाहेर पडणंच सोडलं. रस्त्यात मिलचं कोणी भेटलं की विचारायचं, "क्या भिया, कुछ हुआ क्या?" विचारणाऱ्याचं तरी कुठं काय झालेलं असायचं? पण ह्यांना तो प्रश्न सहन व्हायचा नाही. खाटेवर भिंतीकडे तोंड करून, पांघरूण घेऊन पडून राहायचे. दाढी वाढलेली.

बोलायचे ते एकच. "संक्रांत झाली की निघू. दादाकडे शेत आहे, दोन हात लागतीलच त्याला. अब इथं काय राहिलंय?"

दादा म्हणजे माझे थोरले दीर. खानदेशात, तापीकाठी त्यांचं गाव. तिथली शाळा चौथीपर्यंत. पाचवीला तालुक्याला जावं लागायचं आणि गावातल्या मुली तालुक्याला जात नव्हत्या. दिरांच्या दोघी गेल्या नाहीत. माझं माहेर तिथून दोन गावं सोडून. मीही गेले नव्हते. हे मी ह्यांना एकदा, एकदाच बोलून दाखवलं. "मुलीच्या शाळेचं काय?" म्हटलं.

"बघू तिथं गेल्यावर," हे म्हणाले.

बघू म्हणजे काय ते मला माहीत होतं. माझे वडीलही बघू म्हणाले होते.

जानेवारी लागला आणि शाळेतून तीळ-साखर घरी आली. प्रत्येक मुलाने घरून मूठभर तीळ आणि वाटीभर साखर आणायची, ही शाळेची जुनी रीत. साखर एका डब्यात एकत्र केलेली होती, पण तिळाच्या पुड्या तशाच होत्या, ज्याच्या त्याच्या घरून बांधून आलेल्या. पांढरे तीळ, मळके तीळ, खडे असलेले, कोणाचे भाजून ठेवलेले. एका पुडीत तर खसखस निघाली. काही पुड्या इतक्या लहान होत्या की मला त्या उघडताना आपण कोणाच्या तरी स्वयंपाकघरात न विचारता डोकावतोय असं वाटलं. मी सगळे निवडले आणि परातीत एकत्र केले. मग कोणाचे किती ते कळेनासं झालं तेव्हा बरं वाटलं.

पहाटे थंडीत हलव्याला काटा चांगला येतो, एवढं आईचं लक्षात होतं. अंगणात शेगडी पेटवली, निखाऱ्यांवर राख ओढली, वर परात ठेवली. परातीत तीळ, शेजारी साखरेचा पाक. चमचाभर पाक टाकायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी दाणे फिरवत राहायचे. सुकला की पुन्हा चमचाभर. असं दिवसेंदिवस. आई करायची तेव्हा ते फार सोपं दिसायचं. माझा तिसऱ्या चमच्यालाच गोळा झाला.

मुलगी उठून बाहेर आली. तिने एक तुकडा तोंडात टाकला. "आई, ही तर चिक्की आहे."

"चूप बस."

"छान आहे पण!"

दुसऱ्या दिवशी पाक थोडा आधी उतरवला. गोळा झाला नाही, पण दाणे गुळगुळीत झाले, गोट्यांसारखे. काटा नावाला नाही. शेजारच्या ताई कुंपणाशी येऊन बघत होत्या. ताई महूच्या. त्यांच्या घरात फौजेतली माणसं होऊन गेलेली, आणि ताईंचं बोलणंही तसंच, थेट. त्यांनी दोन दाणे उचलून दाताखाली धरले.

"वहिनी, हा हार गळ्यात घालायचा की लढाईत फेकायचा?"

मला हसूही आलं आणि रडूही. ताईंची धाकटी शिशुवर्गात होती. त्या म्हणाल्या, "बघा, आमच्या घरी संक्रांत-बिंक्रांत नाही करत कोणी. पण पोरगी म्हणते सगळ्यांना दागिने आणि मला का नाही? तर दोऱ्यात गुंफायचं काम माझ्याकडे द्या. पाकातलं मला काही विचारू नका."

तिसऱ्या पहाटे मी पुन्हा बसले. साखर अर्धी संपत आली होती आणि ती माझ्या घरची नव्हती. बोटांना चटके बसून फोड आले होते. मला वाटत होतं, मुलगी शाळेत जाईल आणि सांगेल काय? आणि लगेच वाटायचं, ती शाळेत अजून किती दिवस जाणार आहे, की मी याची काळजी करतेय? मी पाकाचा चमचा भरला, तोच मागून आवाज आला.

"पाक घट्ट आहे."

हे दारात उभे होते, पांघरूण खांद्यावर तसंच. इतक्या दिवसांत हे गावाला जायचं सोडून दुसरं वाक्य बोलले नव्हते, म्हणून मी नुसती बघत राहिले.

"घट्ट आहे म्हणतोय ना. सर."

मी सरकले. ह्यांनी उकिडवं बसून पाकाचा थेंब अंगठ्यावर घेतला, दुसऱ्या बोटाने दाबला, उचलला, पुन्हा दाबला. मग पाण्याचा हबका मारला, ढवळलं, पुन्हा बोटावर घेतला. मिलमध्ये खळीचं पातेलं उकळत असायचं तेव्हा हे असंच बघायचे, असं त्यांनी लग्नानंतर मला कधीतरी सांगितलं होतं. खळ घट्ट झाली तर सूत कडक होऊन तुटतं, पातळ झाली तर मागावर पिंजतं. बाकीचे लोक यंत्राचा काटा बघायचे आणि हे बोटं.

"परात पण फार तापलीय," हे म्हणाले. "निखारे अर्धे काढ. ही गरम नाही, कोमट पाहिजे."

निखारे काढले. ह्यांनी चमचाभर पाक घातला आणि बोटांची टोकं अशी फिरवायला लागले की दाण्यांना लागतायत की नाही ते कळू नये. पाक सुकला. पुन्हा चमचा. सूर्य वर आला, पाय अवघडले, तरी हे उठले नाहीत. मी चहा आणून ठेवला तो गार झाला.

पुढच्या दोन दिवसांत काटा दिसायला लागला. आधी एखाद्या दाण्यावर, बारीक, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक. मुलगी नाक परातीला लावून बसायची.

"बाबा, ह्याला आला! ह्याला पण!"

"श्वास नको टाकू त्यावर. ओल लागते."

ती दोन्ही हातांनी तोंड झाकून बघायची. अशा चार-पाच पहाटा गेल्या. ऊन चढलं की ताई येऊन बसायच्या आणि आम्ही दोघी एकेक दाणा दोऱ्याच्या पिळात अडकवून हार, मनगट्या, मुकुट करायचो. हे खाटेवर पडून असायचे, पण आता तोंड आमच्या बाजूला असायचं. "तो दोरा कच्चा आहे, दुहेरी घ्या," असं मधूनच म्हणायचे. ताई म्हणायच्या, "साहेब, तुम्ही पाकाचे ऑफिसर, दोऱ्याचं डिपार्टमेंट आमचं." हे हसायचे नाहीत, पण कूस बदलायचे नाहीत.

संक्रांतीच्या दिवशी मैदानात मिलची माणसं गिल्ली-दांडू खेळत होती. दरवर्षी खेळायची. ओरडा आमच्या अंगणापर्यंत येत होता. हे गेले नाहीत. तिळगुळाचा लाडू हातात घेऊन म्हणाले, "शनिवारी शाळेत जाशील तेव्हा मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज देऊन ये. मी लिहून ठेवतो."

हलवा इतका छान झाला होता. मला वाटलं होतं, त्याच्याबरोबर गावाला जायचंही बदलेल. मी लाडू खाली ठेवला.

"मला नाही जमायचं ते," मी म्हटलं. "ऑफिसात मला बोलता येत नाही."

ते खरंच होतं. पण त्या दिवशी मी ते मुद्दाम म्हटलं.

शनिवारी दागिने मोठ्या परातीत मांडले. एकावर एक ठेवता येत नव्हते, काटे मोडले असते. परात तिरपी झाली तरी सगळं एका बाजूला घसरलं असतं. ती दोघांनी दोन बाजूंनी धरूनच न्यावी लागणार होती आणि ताई त्यांच्या धाकटीला तयार करण्यात अडकल्या होत्या. हे बराच वेळ परातीकडे बघत राहिले. मग दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि अर्जाचा कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला.

"शाळेपर्यंत येतो," म्हणाले. "अर्ज पण देऊन टाकतो. म्हणजे एकदाच जाणं होईल."

शाळा पाच मिनिटांवर, पण परातीमुळे आम्ही पावलं मोजत चाललो. समोरासमोर होतो, तर मला ह्यांचा खिसाच दिसत होता. निळ्या शाईची एक ओळ कागदातून बाहेर उमटली होती.

शाळेच्या गेटशी मिलची सात-आठ माणसं उभी होती. मुलांना सोडायला आलेली आणि मग ना आत ना बाहेर अशी, भिंतीला टेकून. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मागे वळायला हात मोकळे नव्हते. एक जण पुढे आला. "अरे भिया! कुठे होतास इतके दिवस? दिखतंच नाही तू."

"इथंच होतो. घरी."

"तो हम कौन से लंडन में थे! आम्ही पण घरीच आहोत!"

सगळे हसले. मोठ्याने, मिलची पाळी सुटल्यासारखे. ह्यांचे खांदे जरा खाली आले. कोणीतरी माझ्या हातातली परातीची कड धरली आणि आम्ही गेटमध्ये न थांबता आत गेलो.

पटांगणात सतरंजी, तिच्यावर पाट. शिशुवर्गाची पिल्लं काळे कपडे घालून बसलेली. एकीने रडायला सुरुवात केली म्हणून दुसरीने केली. आम्ही दागिने घातले तसे रडणं थांबलं, कारण मनगटावरचा हलवा चाटता येत होता. ताईंची धाकटी मुकुट घालून ताठ बसली होती, हवालदारासारखी. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, एक हार उन्हात धरून बघत होत्या.

"काटा बघा काय आलाय! इतका तर आजींच्याही हलव्याला यायचा नाही." मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "चौथीतल्या हिच्या आईने केलाय हा. टाळ्या वाजवा बरं."

टाळ्या वाजल्या. मुलगी माझ्याकडे बघत होती, लाल झालेली. मी गप्प राहिले असते तर तेही चाललं असतं. आयुष्यभर मी तेच केलं होतं. पण हे खांबाशी उभे होते आणि त्यांची भाजलेली बोटं मला दिसत होती. आणि मला एवढंच कळत होतं, की हे टाळ्या संपल्या की ऑफिसकडे जातील.

"मी नाही केला," मी म्हटलं. आवाज फारच बारीक निघाला. मोठ्या बाई म्हणाल्या, "काय?"

"ह्यांनी केला. मला येत नाही हलवा. मी केला त्याची चिक्की झाली."

बायका हसल्या. गेटकडून ती सगळी माणसं आत आली होती, त्यांच्यात एकदम गलका झाला. "अरे, हा तर हलवाई निघाला!" "भिया, आम्हाला सांगायचं ना, खळीत साखर टाकायचास तू!" ह्यांचा चेहरा कानापर्यंत तापला. मला वाटलं, संपलं. चार माणसांत बायकांच्या कामावरून नवऱ्याचं हसं केलं मी. आता हे निघून जातील.

पण मोठ्या बाई हसत नव्हत्या. त्या ह्यांच्यापाशी गेल्या. "पाक कसा ओळखता?"

 ह्यांनी अंगठा आणि बोट पुढे केलं. "असा. बोटावरून सुटताना सांगतो तो." आणि पुढे बोलतच राहिले, खळीचं, वाफेचं, सुताचं. मिलची माणसं गप्प होऊन ऐकायला लागली. एक जण म्हणाला, "बाई, ह्याची बोटं म्हणजे मीटर होतं आमच्या खात्यातलं. साहेब लोक ह्याला विचारून जायचे."

"मग ओतायलाही तुम्हीच या," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही सगळे काय खांब धरून उभे आहात? शाळा पडणार नाही. या, आपापल्या मुलामागे उभे राहा."

बोरनहाण बायका घालतात. बाप लोकांनी घातलेलं मी तोवर कुठे बघितलं नव्हतं. ते अवघडून पाटांमागे उभे राहिले, हातात बोरांची भांडी. ज्या मुलाचे वडील गाव सोडून कामाला गेले होते त्याच्यामागे हे उभे राहिले. शिशुवर्गाच्या बाईंनी खूण केली आणि सगळ्यांनी एकदम ओतलं. बोरं टपाटप सतरंजीवर पडली, गंडेऱ्या घरंगळल्या, चुरमुरे केसांत अडकले. मोठ्या वर्गांची झुंबड उडाली. माझी मुलगी ओच्यात बोरं गोळा करत गुडघ्यांवर रांगत होती. त्या मोठाल्या माणसांच्या तोंडावर असं हसू होतं, की मी जमिनीकडे बघायचं विसरले.

नंतर मुलं डबे खायला बसली तेव्हा हे त्या माणसांत उभे होते. एक जण सांगत होता, सांवेर रोडला गोळ्या-चॉकलेटचा कारखाना आहे, तिथं पाकाची भट्टी बघायला माणूस पाहिजे. "परमनंट-बिरमनंट काही नाही हां भिया. रोजचं रोज. पण जाऊन तर ये."  ह्यांनी मान हलवली, पण ती हो की नाही ते कळलं नाही.

मग ते निघाले आणि ऑफिसच्या दाराशी जाऊन थांबले. मी परात पुसत होते. फडका तसाच हातात राहिला. मोठ्या बाई आतून बाहेर आल्या. "काही काम होतं का?"

 ह्यांचा हात खिशाशी गेला आणि परत आला.

"नाही," म्हणाले. "तिची परीक्षा कधी असते, ते विचारायचं होतं."

"एप्रिलमध्ये. अभ्यासात चांगली आहे हो ती. पाचवीला इथंच असेल ना?"

ह्यांनी मुलीला शोधलं. ती पटांगणात उकिडवी बसून चुरमुऱ्यांतून हलवा वेचत होती.

"हो," हे म्हणाले. "इथंच."